तंबाखू इंग्रजांनी नाही आणली

निपाणी भागाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, तंबाखू इंग्रजांनी आणली आणि आपल्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारली. हे साफ चुकीचं आहे. हे पीक मूळचं अमेरिकेतलं, आणि आपल्याकडं ते पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलं, गोव्यामार्गे दख्खनमध्ये पसरलं. अकबराचा दूत असद बेग विजापूरला गेला होता तेव्हा त्याला तिथं तंबाखू दिसली, त्यानं ती चिलमीसकट आग्र्याला नेली, बादशहानं दोन-चार झुरके घेतले आणि हकीम अडवायला लागला, हे असद बेगनं स्वतः लिहून ठेवलंय. अकबर १६०५ ला वारला आणि इंग्रजांचं पहिलं जहाज सुरतेला लागलं १६०८ ला, मग आणली कोणी ते तुम्हीच बघा!

निपाणीची तंबाखू मुख्यतः बिडीची. शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे परत परत काढायचे, तेव्हा कुठं पान जाड आणि कडक होतं, आणि एवढं राबून भाव मात्र व्यापारी ठरवणार. त्याविरुद्धच १९८१ ला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी हायवेवर बसले होते, ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. आणि तेव्हा इंग्रज जाऊन ३३ वर्षं झाली होती.