मेलेला एचआयव्ही लस का होत नाही?

पाषाणच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० साली कोरोनाचा विषाणू रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा केला आणि त्यावरून पुढे कोव्हॅक्सिन तयार झाली. कृती जुनीच: विषाणू पेशींत वाढवायचा, बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने निष्क्रिय करायचा, आणि टोचायचा. भोसरीत तर १९९२पासून एड्सवर काम करणारी ‘नारी’ ही संस्था आहे. मग एचआयव्हीलाच असा मारून लस का नाही केली?

भीती हे एक कारण. पोलिओची मृत लस १९५५ मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा कटर कंपनीच्या काही बॅचमध्ये जिवंत विषाणू राहून गेले. सुमारे २०० जण लुळे झाले, १० दगावले. एचआयव्ही तर पेशीच्या जनुकांतच जाऊन बसतो, एकदा शिरला की हाकलता येत नाही. निरोगी माणसाला अशी लस देताना ‘बहुतेक सगळे विषाणू मेलेत’ एवढं म्हणून कसं चालेल?

पण भीती बाजूला ठेवून माकडांवर प्रयोग झालेच. एचआयव्हीचा भाऊबंद एसआयव्ही मारून मकाक माकडांना टोचला, आणि त्यांचं रक्षण झालं! आनंद टिकला तो १९९१पर्यंत. त्या वर्षी ब्रिटिश संशोधकांनी तुलनेसाठी काही माकडांना विषाणू नसलेल्या, नुसत्या मानवी पेशी टोचल्या होत्या. त्यांतलीही काही वाचली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकवणारा प्रयोग हाच.

झालं होतं असं. हा विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्याच पटलाचं आवरण पांघरतो, त्यातली प्रथिनंही सोबत नेतो. लसीतला विषाणू मानवी पेशींत वाढवलेला, नंतर संसर्गासाठी वापरलेलाही तसाच. माकडांच्या शरीराने चोराला ओळखलंच नव्हतं, त्याने चोरलेला सदरा ओळखला होता. पुढे माकडांच्या पेशींत वाढवलेला विषाणू टोचला, तेव्हा ते संरक्षण नाहीसं झालं.

खरा चेहरा म्हणजे आवरणावरचे काटे. इन्फ्लुएन्झाच्या कणावर ते शेकड्यांनी असतात, एचआयव्हीवर जेमतेम डझन-दीड डझन. तेही साखरेच्या रेणूंनी झाकलेले आणि विषाणू मारता-शुद्ध करताना गळून पडणारे. पोलिओ लसीचे जनक जोनास साल्क यांनी एचआयव्हीबाधितांसाठी केलेल्या मृत लसीतून काट्याचा बाहेरचा भाग, जीपी१२०, असाच गेला होता. सुमारे २,५०० रुग्णांवरची तिची चाचणी १९९९ मध्ये थांबवली, कारण रुग्णांना फायदा दिसेना.

नंतर काटे शाबूत ठेवणारी युक्तीही सापडली. अल्ड्रिथिऑल-२ हे रसायन आवरणाला हात न लावता विषाणूच्या आतल्या, जस्त धरून ठेवणाऱ्या प्रथिनावर घाव घालतं. कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठाची जनुकीय बदल केलेली मृत लस माणसांवर तपासली गेली, पण आधीच बाधित असलेल्या स्वयंसेवकांवर. ती सुरक्षित ठरली. संसर्ग टळतो का, हा त्या चाचणीचा प्रश्नच नव्हता.

पुण्यात २००५ मध्ये ‘नारी’त जी लस तपासली, तिच्यात अख्खा एचआयव्ही नव्हताच. भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या सी उपप्रकाराची मोजकी जनुकं दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूवर लादलेली होती, त्यामुळे तिच्यापासून एचआयव्ही होणं शक्यच नव्हतं. शरीराचा प्रतिसाद मात्र बेताचाच मिळाला.