केजीएफची खाण ‘बंद’ झाली म्हणजे नेमके काय झाले?

केजीएफ म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स, कर्नाटकातल्या कोलार भागातल्या सोन्याच्या खाणी. तिथे नेणारा, बंगारपेठहून मारिकुप्पमकडे जाणारा रेल्वेचा छोटा फाटा १८९४ चा. वाटेत कोरोमंडल, उरिगाम, चॅम्पियन ही स्टेशने लागतात, आणि ही तिन्ही मुळात खाणींची नावे. ‘केजीएफ’ नावाची पाटी मात्र एकाही स्टेशनवर दिसत नाही. २०१८ मध्ये त्या नावाचा सिनेमा आल्यापासून बाहेरचे लोक ‘खाण कुठे बघायला मिळेल?’ असे विचारत येतात आणि बहुतेक जण खाणीच्या सरकारी कंपनीच्या फाटकावरूनच परत फिरतात. खाण बंद होऊन पाव शतक झाले, तरी तिथे धड संग्रहालय नाही की खाली उतरण्याची सोय नाही. असे का, ते समजायचे तर ‘बंद’ हा शब्द आधी सोडवावा लागतो.

जुना इतिहास थोडक्यात. कोलार एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते, पण मराठी माणसाचा या मातीशी संबंध सोन्यापर्यंत पोहोचला नाही. इथले गावकरी माती धुऊन सोने काढतात, हे १८०४ मध्ये एका ब्रिटिश लेफ्टनंटने लिहून ठेवले. सत्तरेक वर्षांनी ते टिपण बंगळुरात राहणाऱ्या एका निवृत्त आयरिश सैनिकाच्या वाचनात आले. त्याने म्हैसूर सरकारकडून परवाना मिळवला, पण भांडवल उभे करता करता तो थकला. १८८० नंतर लंडनच्या एका कंपनीने कारभार हाती घेतला आणि खरी खाण तिथून सुरू झाली.

पुढची पन्नास वर्षे भरभराटीची. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून इथे आणली गेली. खुद्द बंगळूर शहराला वीज मिळाली १९०५ मध्ये. साहेबांसाठी बंगले आणि क्लब, तर उत्तर अर्काट-चित्तूर भागातून आलेल्या, बहुतांश दलित असलेल्या कामगारांसाठी ‘लाइन’, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या खोल्यांच्या रांगा. ‘छोटे इंग्लंड’ म्हणून कौतुक होते ते पहिल्या भागाचे. सोने काढणारे दुसऱ्या भागात राहत.

१९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये सरकारी कंपनी स्थापन झाली. तोवर चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली होती. खाली दगड इतका तापलेला की थंड हवा सोडल्याशिवाय काम होत नसे, आणि वरच्या दाबाने खडक अचानक फुटत. त्याच खोलीचा फायदा मुंबईच्या एका संशोधन संस्थेने घेतला. १९६५ मध्ये इथे जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांच्या खुणा सापडल्या. केजीएफबद्दल आपल्याकडे सोन्याइतकेच हेही सांगितले जायला हवे होते.

आता खाण बंद करण्याचा तो वादाचा निर्णय. सुरुवातीच्या काळात एका टन दगडात चाळीसेक ग्रॅम सोने असे, शेवटी ते तीन-चार ग्रॅमवर आले. १९९२ मध्ये कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली आणि १ मार्च २००१ पासून खाण बंद झाली. हिशेब कागदावर बरोबर होता: काढायचा खर्च विक्रीच्या भावापेक्षा कितीतरी जास्त. पण तो भाव कोणत्या वेळचा? २००१ च्या सुरुवातीला सोने औंसाला २६० डॉलरच्या आसपास होते, म्हणजे वीसेक वर्षांतल्या नीचांकाजवळ. पुढे भाव कुठे गेला ते सराफाच्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. निर्णय घेणाऱ्यांना भविष्य दिसत नव्हते हे मान्य. तरी बंद करण्याच्या घाईत पाणी उपसणारे पंपही थांबवले गेले, आणि खाणीत पंप थांबणे म्हणजे परतीचा रस्ता बुडवणे. पाणी चढत गेले. शंभर वर्षे खणलेले बोगदे त्याखाली गेले.

बंद झाले ते काम. कंपनी कागदावर राहिली, जमीनही तिच्याच नावावर. कामगार संघटना न्यायालयात गेल्या. आमची सहकारी संस्था खाण चालवेल, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. २००६ मध्ये केंद्राने जागतिक निविदा काढायचे ठरवले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मोकळीक दिली, तरी जमिनीखाली कुदळ पुन्हा पडली नाही. लाइनीतल्या खोल्या राहणाऱ्यांच्या नावावर करण्याचा प्रश्नही वर्षानुवर्षे लोंबकळला. ज्या मालमत्तेची विक्री कधीही होऊ शकते, तिच्यावर पर्यटनासाठी कोण पैसे घालणार? फाटकावरचा पहारेकरी तुम्हाला अडवतो तो या गुंत्यामुळे.

फाटकाबाहेर बघण्यासारखे उरते त्यात डोळ्यांत भरतात त्या सायनाइडच्या टेकड्या. दगड कुटून भुगा करायचा, सायनाइडच्या द्रावणात सोने विरघळवून घ्यायचे आणि उरलेला भुगा बाहेर टाकायचा, अशी ती पद्धत होती. करड्या-पांढुरक्या उतारांवर पावसाने खोल चरे पाडले आहेत, वरचा थर वाळून भेगाळला आहे. अशा १३ टेकड्या, सुमारे १,००३ एकरांवर, माल ३.३ कोटी टन. टनामागे ग्रॅमभरही सोने नसले, तरी सगळे मिळून २३ टन निघेल असा अंदाज आहे. जून २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते सोने काढायला संमती दिली. म्हणजे आता चर्चा आहे ती खाणीची नाही, तिच्या कचऱ्याची.

गाव मात्र रिकामे नाही, हे येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. पहाटेच्या गाड्या भरभरून बंगळुराकडे जातात आणि रात्री तीच माणसे परततात. खाण गेल्यावर पोट असे भरले गेले. आणि टेकड्यांच्या बाजूच्या घरांत उन्हाळ्यात वारा सुटला की आधी जेवणावर झाकण पडते, मग खिडकी लावली जाते.