हाऊस बॅटरी लिथियम करण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

तुमच्या कॅम्परव्हॅनची किंवा मोटरहोमची हाऊस बॅटरी लिथियमची करावी असं तुमच्या मनात आहे, म्हणून हे पत्रक तुमच्या हातात देतोय. फ्रिज, पंखे, दिवे, पाण्याचा पंप आणि इन्व्हर्टर ज्या बॅटरीवर चालतात, त्या बॅटरीबद्दलच हे आहे. बॉनेटखालची, इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी. ती लेड-ॲसिडचीच राहते, तिला आम्ही हात लावत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ‘जुनी काढा, तिथेच नवी ठेवा, तासाभरात गाडी द्या’ असं काम आम्ही घेत नाही. या सगळ्यात बॅटरी बदलणं हे सर्वांत सोपं काम आहे. तिला वीज कुठून आणि किती जोरानं येते, आणि तिच्यातली वीज कुठल्या तारेतून बाहेर पडते, हे तपासायला आम्हाला दोन दिवस लागतात.

असं का म्हणतो, त्याचं उदाहरण

मागच्या उन्हाळ्यात एक जोडपं व्हॅन घेऊन आलं. लिथियम बॅटरी त्यांनी दुसरीकडून बसवून घेतली होती. परतीच्या वाटेवर खंडाळ्याच्या घाटात तासभर गाड्या खोळंबल्या, यांचं इंजिन नुसतं सुरू होतं, समोरचा एसी चालू. मग जळका वास आला आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. आम्ही बॉनेट उघडलं. इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या वायरचं आवरण कडक होऊन तडकलं होतं, तिच्या टोकाचं तांब्याचं कडं, म्हणजे लग, तापून जांभळट-निळा पडला होता, हाताने हलवला तर वायरमधून सुटून आला. बॅटरी मात्र ठणठणीत.

झालं असं की लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की स्वतःच करंट कमी घेऊ लागते. लिथियमचा अंतर्गत अवरोध फार कमी, त्यामुळे ती जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मिळेल तेवढा करंट ओढत राहते. अल्टरनेटरचा पंखा इंजिनच्या फेऱ्यांवर फिरतो. गाडी उभी असली की पंखा हळू, हवा कमी आणि ओढ मात्र पुरेपूर. तासभर असं चाललं की अल्टरनेटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, भाजू शकतं.

याची उलट बाजूही आहे. लिथियम बॅटरीत बीएमएस नावाचा सर्किट बोर्ड असतो. तो प्रत्येक सेलवर नजर ठेवतो आणि काही चुकलं की बॅटरीची जोडणी एका क्षणात तोडतो. नेमका त्या वेळी अल्टरनेटर जोरात चार्ज करत असेल, तर त्याचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि त्याचे डायोड जाऊ शकतात.

म्हणून आम्ही हाऊस बॅटरीला अल्टरनेटरशी थेट जोडणारा जुना चार्जिंग रिले काढतो आणि त्या जागी डीसी-डीसी चार्जर बसवतो. तो अल्टरनेटरकडून ठरावीकच करंट घेतो आणि लिथियमला हवा तो व्होल्टेज स्वतः तयार करून देतो. बऱ्याच बीएस-६ गाड्यांमध्ये अल्टरनेटरचा व्होल्टेज इंजिनचा कॉम्प्युटर वरखाली करत असतो, तिथे तर याच्याशिवाय बॅटरी धड भरतही नाही. ३० अँपिअरचा चार्जर बहुतेकांना पुरतो. पुण्याहून दापोलीला पाच तासांत पोहोचलात तर वाटेतच सुमारे १५० अँपिअर-अवर भरलेले असतात.

या चार्जरचे पैसे वाचवायला सांगणारे ग्राहक भेटतात. तेवढं एक आमच्याकडे मागू नका.

कोणती लिथियम?

आम्ही फक्त लिथियम आयर्न फॉस्फेट बसवतो, बाजारात तिला एलएफपी म्हणतात. हा पदार्थ बॅटरीत वापरता येतो हे टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटानं दाखवलं. १९९७ सालच्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी यांचं आहे, हे आम्ही आवर्जून सांगतो. याचा एक सेल ३.२ व्होल्टचा. चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात, म्हणजे गाडीतल्या १२ व्होल्टच्या सगळ्या उपकरणांना जुळतात. बऱ्याच इलेक्ट्रिक मोटारींत असते ती एनएमसी जातीची लिथियम. तिचा सेल सुमारे ३.७ व्होल्टचा, चारांचे १४.८ होतात. ते जुळत नाही, आणि तापली की ती एलएफपीपेक्षा लवकर पेट घेते. तुम्ही त्या गाडीत झोपणार आहात.

भंगारातल्या ई-रिक्षाचे किंवा इलेक्ट्रिक मोटारीचे सेल काढून बांधलेले पॅक आमच्याकडे आणू नका, आम्ही ते बसवत नाही. त्यातल्या कुठल्या सेलनं किती सोसलंय ते बाहेरून कळत नाही.

किती मोठी घ्यायची?

आधी वहीत खर्च मांडायचा, मग बॅटरी ठरवायची. दोन माणसं, एप्रिल महिना, कोकणातला मुक्काम धरू. पन्नास लिटरचा १२ व्होल्टचा फ्रिज, कॉम्प्रेसर ४५ वॅटचा, उन्हाळ्यात निम्मा वेळ चालतो असं समजा: दिवसाला ५४० वॅट-अवर. २४ वॅटचे दोन पंखे रात्री नऊ तास: ४३०. दिवे ५०, लॅपटॉप आणि फोन १५०, पाण्याचा पंप नगण्य. बेरीज जेमतेम १,२०० वॅट-अवर. १२.८ व्होल्टने भागलं की दिवसाला सुमारे ९५ अँपिअर-अवर.

आता १५० अँपिअर-अवरची लेड-ॲसिडची ट्यूब्युलर बॅटरी घ्या. ती टिकावी असं वाटत असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे हातात येतात ७५. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रिज बंद पडतो तो यामुळे. वजन म्हणाल तर दोन माणसांनी कण्हत उचलावी अशी. २०० अँपिअर-अवरची एलएफपी साधारण निम्म्या वजनाची असते आणि तिच्यातले १८० बिनधास्त वापरता येतात. जवळजवळ दोन दिवस, ऊन नसलं तरी. डिस्टिल्ड वॉटर टाकायची कटकट नाही आणि सीटखाली ॲसिडचा वास नाही.

छतावर ३०० वॅटचं सोलर असेल तर एप्रिलच्या स्वच्छ उन्हात दिवसाला हजारएक वॅट-अवर मिळतात, खर्च जवळपास भरून निघतो. पावसाळ्यात तो आकडा धरू नका, आणि आंब्याच्या झाडाखाली गाडी लावणार असाल तर उन्हाळ्यातही नको.

इंडक्शन शेगडी चालते. १८०० वॅटवर वीस मिनिटं स्वयंपाक केला तर ५० अँपिअर-अवरच्या वर जातात. रात्रभर एसी हवा असेल तर मात्र गणित वेगळं होतं. १२ व्होल्टवर एवढा करंट वाहून न्यायला तारा फार जाड लागतात, अशा गाडीला आम्ही २४ किंवा ४८ व्होल्टची पूर्ण वेगळी मांडणी सुचवतो. त्यासाठी समोर बसूनच बोलू.

वर्षातून चार-पाच शनिवार-रविवारच बाहेर पडत असाल आणि रात्री कुठेतरी वीज जोडायची सोय मिळत असेल, तर सध्याची बॅटरी चांगली आहे तोवर ती वापरा. खर्च वसूल होणार नाही. लिथियम हजारो वेळा भरते-रिकामी होते, पण त्याचा उपयोग ती भरत-रिकामी होत असेल तरच.

फ्यूज, केबल आणि लग

२००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला बॅटरीतून १७५ ते १८५ अँपिअर ओढतो. घरातल्या गीझरचा करंट दहा अँपिअरच्या आत असतो, त्यावरून अंदाज बांधा. यासाठी आम्ही ७० स्क्वेअर एमएमची तांब्याची मऊ केबल वापरतो, शक्य तितकी आखूड, आणि लग हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूलनेच दाबतो. हातोडीने ठोकलेला लग पहिल्या दिवशी चालतो. आपल्या रस्त्यांवर दोन हजार किलोमीटर हादरे बसले की तो ढिला होतो, ढिला झाला की तापतो.

लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजारो अँपिअर वाहतात. साधा फ्यूज वितळतो, पण आतली ठिणगी विझत नाही, करंट चालूच राहतो. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात आम्ही क्लास टी फ्यूज लावतो. त्याची क्षमता २०,००० अँपिअर तोडण्याची आहे. तो महाग आहे आणि एकदा उडाला की नवाच घ्यावा लागतो, तरी आम्ही त्याला पर्याय ठेवत नाही. तुम्ही स्वतः कधी टर्मिनलला पाना लावलात तर पान्याच्या दांड्याला आधी टेप गुंडाळा, आणि हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.

व्होल्ट बघून आता काही कळणार नाही

लेड-ॲसिडची सवय असलेल्यांना हे पचायला वेळ लागतो. तिचा व्होल्टेज हळूहळू उतरतो, काट्यावरून अंदाज येतो. लिथियमचा व्होल्टेज ८० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना जवळपास तोच दिसतो. आमचे एक ग्राहक गुहागरला होते, संध्याकाळभर मीटर १३.१ दाखवत होता, ते निर्धास्त झोपले. पहाटे तीनला पंखा थांबला, फ्रिज थांबला, सकाळी आत ठेवलेली सुरमई टाकून द्यावी लागली. बॅटरी बिघडली नव्हती, संपली होती. म्हणून निगेटिव्हच्या वाटेवर शंट आणि त्याला जोडलेला मॉनिटर बसवतो. किती अँपिअर आत आले आणि किती गेले हे तो मोजतो आणि थेट टक्के दाखवतो. महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरू द्या, म्हणजे त्याचा हिशेब पुन्हा जागेवर येतो.

थंडी आणि ऊन

सेल शून्य अंशाखाली असताना लिथियम चार्ज करायची नाही. लिथियम आत मुरण्याऐवजी धातूच्या थरासारखं इलेक्ट्रोडवर साचतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. वापर चालतो, चार्जिंग नाही. महाराष्ट्रात फिरणाऱ्यांना ही वेळ सहसा येणार नाही. पण लडाख किंवा स्पितीला जाणार असाल तर आम्हाला आधी सांगा. थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारा बीएमएस आणि गरम करणारी पॅड असलेली बॅटरीच अशा गाडीला लागते.

आपल्याकडे खरा त्रास उन्हाचा. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त होतं. गरम जागी भरलेली पडून राहिली की लिथियम लवकर म्हातारी होते. त्यामुळे बॅटरी आम्ही सायलेन्सरपासून लांब, सीटखाली, हवा खेळेल अशी ठेवतो आणि पट्ट्यांनी आवळून बांधतो.

गाडी उभी ठेवताना

इथे सवय उलटी करावी लागते. लेड-ॲसिड भरून ठेवायची असते. लिथियम महिनाभर नुसती पडणार असेल तर ५०-६० टक्क्यांवर सोडा आणि मेन स्विच बंद करा. गॅसची गळती सांगणारा अलार्म, स्टिरिओ वगैरे मिळून एक अँपिअर जरी खात असतील तरी दिवसाला २४ जातात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीत बॅटरी ‘झोपलेली’, म्हणजे संपून बीएमएसने बंद केलेली, सापडते ती यामुळेच. तशी सापडली तर जुन्या चार्जरनं जबरदस्ती उठवू नका, आम्हाला फोन करा.

घरच्या विजेवर चालणारा तुमचा जुना चार्जर किंवा इन्व्हर्टर लेड-ॲसिडसाठीचा असेल, तर त्यात बहुधा इक्वलायझेशन नावाची सोय असते, ती १५ व्होल्टच्या वर जाते. लिथियमला ती बंद करावीच लागते. बंद होत नसेल तर चार्जर बदलावा लागतो. सोलर कंट्रोलरची सेटिंग आम्हीच करून देतो: चार्जिंग १४.२ ते १४.४ व्होल्ट, फ्लोट (भरल्यानंतर धरून ठेवायचा व्होल्टेज) १३.५. बॅटरी कधी काढायची झाली तर आधी सोलर पॅनेलची जोडणी काढा, मग बॅटरीची. जोडताना उलट क्रम.

येताना काय आणाल

गाडी, आरसीची प्रत, सोलर आणि चार्जरची माहितीपुस्तकं असतील तर ती. आणि कागदावर लिहून आणा: तुमच्या गाडीत काय काय चालतं, किती तास चालतं, आणि एका जागी सलग जास्तीत जास्त किती रात्री राहता. ही यादी घरी बसून दोघांनी मिळून करा, स्वयंपाक कोण आणि कशावर करतं हे धरून. मागची सीट रिकामी करून आणलीत तर आमचा अर्धा दिवस वाचतो.

जुनी लेड-ॲसिड बॅटरी आम्ही परत घेतो आणि तिच्या शिशाचे पैसे बिलातून वजा करतो. ती रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रातच जायला हवी, आणि ती तिथपर्यंत पोहोचवायचं काम आमचं.

काम झाल्यावर महिन्याभरात किंवा पहिल्या लांबच्या फेरीनंतर गाडी एकदा दाखवायला आणा. सगळे नटबोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासतो आणि पूर्ण भाराला प्रत्येक लगचं तापमान बघतो. त्याचे पैसे घेत नाही.