नात्याने डॅनिश, वळणाने कोरियन

मुलापुढे घास धरून कोरियन आई म्हणते, "मॉगॉ ब्वा." 'मॉगॉ' म्हणजे खाऊन आणि 'ब्वा' म्हणजे बघ. खाऊन बघ! मराठीत 'बघणे' जसं डोळ्यांचं काम सोडून 'प्रयत्न करणे' या अर्थाने दुसऱ्या क्रियापदाच्या मागे लागतं, अगदी तसंच कोरियनमध्ये 'पोदा', म्हणजे पाहणे, हे क्रियापद लागतं. 'खाऊन टाकलं' म्हणायचं असेल तर 'पॉरिदा' लावतात आणि त्याचाही मूळ अर्थ टाकून देणे हाच. 'करून दे'मधल्या 'दे'लाही तिथे तसाच जोडीदार आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, हे सगळं आपल्या ओळखीचं. 'मी पुस्तक वाचतो' हे वाक्य शब्दांची जागा न हलवता कोरियनमध्ये नेता येतं.

डेन्मार्कच्या डॅनिश भाषेत ते जमत नाही. तिथला नियम असा की साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी यायलाच हवं. 'मी वाचतो पुस्तक' हे ठीक. पण सुरुवातीला 'आज' आणलं की 'आज वाचतो मी पुस्तक' असंच म्हणावं लागतं. 'आज मी वाचतो' म्हणणं ही नवशिक्याची नेहमीची चूक, कारण 'आज'ने पहिली जागा घेतल्यावर क्रियापद तिसऱ्या जागी ढकललं जातं.

तरीही मराठीची नातलग आहे ती डॅनिशच. दोघी इंडो-युरोपीय कुळातल्या. कोरियनचं कूळ वेगळं. जेजू बेटावरच्या बोलीसारखे अगदी जवळचे सगेसोयरे सोडले तर तिचं कुणाशी नातं सिद्ध झालेलं नाही. हे ठरवतात कसं? दिसायला सारख्या शब्दांवरून नव्हे, तर ध्वनींच्या नियमित अदलाबदलीवरून. आपल्याकडे शब्दाच्या सुरुवातीला जिथे 'द' आहे तिथे डॅनिशमध्ये 'त' येतो: दोनला 'तो', दहाला 'ती', दाताला 'तॅन'. संस्कृतातल्या 'प'च्या जागी 'फ' येतो: पाद म्हणजे पाय, तर डॅनिशमध्ये 'फोद'. असे नियम व्यवस्थित मांडणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी एक डॅनिशच होता, रास्मुस रास्क. त्याचा निबंध १८१८ मध्ये छापला गेला. दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, तो पारशांच्या जुन्या इराणी भाषांतल्या, म्हणजे अवेस्ता आणि पहलवी, हस्तलिखितांच्या शोधात मुंबईला पोचला होता.

म्हणजे कूळ आणि वळण या दोन निराळ्या गोष्टी. शब्दांचं रक्त एकीकडचं, वाक्याची चाल दुसरीकडची, असं भाषांच्या बाबतीत सर्रास घडतं.

आता उच्चार. कोरियन आणि डॅनिश यांचं एकमेकींशी खरं साम्य इथेच सापडतं, आणि मराठी कानाला ते फार चांगलं कळू शकतं. आपल्याकडे प, फ, ब, भ असे चार कप्पे आहेत. घसा थरथरतो की नाही आणि श्वासाचा झोत सुटतो की नाही, या दोन प्रश्नांवर ते पडलेले आहेत. डॅनिश फक्त दुसराच प्रश्न विचारते. तिथे 'बील' असं लिहिलेला मोटारीसाठीचा शब्द मराठी कानाला जवळजवळ 'पील' ऐकू येतो, कारण 'ब' उच्चारताना घसा थरथरत नाही. बाणासाठीचा 'पील' मात्र 'फील' असा येतो. हा 'फ' ओठ पूर्ण मिटून, झोत सोडून म्हणायचा. दात खालच्या ओठाला लावून नाही. तोंडापुढे कागदाची पट्टी धरा: बाणाला ती हलली पाहिजे, मोटारीला स्थिर राहिली पाहिजे.

कोरियनमध्ये कप्पे तीन. मुलगी या शब्दाचा पहिला ध्वनी आपल्या घट्ट 'त'सारखा, मुखवट्याचा 'थ'सारखा, आणि चंद्राचा मधला: थोडासाच झोत आणि पुढचा स्वर खालच्या पट्टीत. सोलच्या तरुण पिढीत झोतातला फरक इतका कमी झालाय की 'चंद्र' आणि 'मुखवटा' बरेचदा स्वराच्या उंचीवरूनच ओळखावे लागतात. म्हणून नुसतं 'थ' बरोबर म्हणून भागत नाही, आवाजही वर न्यावा लागतो. हा मधला ध्वनी दोन स्वरांमध्ये सापडला की घसा थरथरू लागतो आणि 'प'चा 'ब' होतो. वर 'पोदा' आणि 'ब्वा' अशी दोन रूपं आली ती यामुळेच. एकाच बंदराचं नाव नकाशांवर आधी पुसान आणि २००० सालच्या नव्या रोमन लेखनपद्धतीनंतर बुसान दिसतं, त्याच्या मागेही हाच ध्वनी आहे.

लेखनाकडे वळलं की दोघींच्या वाटा पार फाकतात. कोरियन लिपी, हंगुल, राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. 'न'च्या अक्षराचा आकार वर टेकलेल्या जिभेच्या शेंड्याचा, 'म'चा चौकोन तोंडाचा. 'क'वर एक रेघ वाढवली की 'ख'. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णमाला पाठ केलेल्या माणसाला ही रचना पाहून फार आनंद होतो. पण लिहिलेलं तसंच वाचलं तर फसगत होते, कारण कोरियन लेखन शब्दाचं मूळ रूप जपतं आणि संधी वाचणाऱ्यावर सोडतं. फूल म्हणजे 'क्कोत्', त्याला 'मान' (फक्त) हा शब्द लागला की उच्चार 'क्कोन्मान'. जगत् अधिक नाथ जगन्नाथ, तसंच. 'हानगुक' (कोरिया) अधिक 'माल' (भाषा) याचं 'हानगुङमाल' होतं, ते तर थेट वाक् अधिक मय वाङ्मय, तसंच. आपण संधी करून लिहितो, ते न करता लिहितात, एवढाच फरक.

डॅनिश लेखनाने जुने उच्चार धरून ठेवले आणि बोलणं पुढे निघून गेलं. स्वरानंतरचा 'द' इतका मऊ झालाय की आपल्याला 'ल' ऐकू येतो. तो काढायचा तर जिभेचा शेंडा खालच्या दातांमागे टेकवा, जिभेचा मधला भाग किंचित उचला आणि कुठेही घासू देऊ नका. लाल फळांची लापशी आणि साय या पदार्थाचं नाव परक्यांकडून हौसेने म्हणवून घेतात, कारण त्यात हा 'द' चार वेळा येतो.

याहून अवघड आहे 'स्टॉद'. जड ओझं उचलताना बोललं की आवाज जसा दाबला जाऊन करकरतो, तसा घसा क्षणभर आवळला जातो. 'हुन' म्हणजे ती. तोच शब्द आवळून म्हटला की कुत्रा. 'मोअ' म्हणजे आई. आवळून म्हटलं की खून. लेखनात स्टॉदला चिन्ह नाही. पण तो वाटेल तिथे येत नाही: शब्दाच्या त्या तुकड्यावर आघात हवा, आणि त्यात दीर्घ स्वर किंवा ऱ्हस्व स्वरानंतर न, म, ल असा घसा थरथरवणारा ध्वनी हवा. म्हणून मांजरासाठीच्या 'कॅत'मध्ये तो शक्यच नाही. डेन्मार्कच्या दक्षिणेकडच्या बेटांवर आणि बोर्नहोम बेटावर पारंपरिक बोलीत स्टॉद नसतोच.

आदरार्थाचं थोडक्यात. कोरियनमध्ये समोरच्याशी नातं काय हे क्रियापदाच्या शेवटात सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. डॅनिशमधलं 'तुम्ही' १९६० च्या दशकापासून मागे पडत गेलं आणि आज जवळजवळ सगळे एकमेकांना 'तू'च म्हणतात.

उरले आकडे, आणि इथे डॅनिशची आपल्याशी असलेली ओळख पुन्हा उजळते. साठ म्हणजे तीन विसा. पन्नास म्हणजे 'हाल्ट्रास', मूळ अर्थ 'अर्धा तिसरा गुणिले वीस'. अर्धा तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा, म्हणजे अडीच. आपलं 'अडीच' ज्या 'अर्धतृतीय'पासून आलं त्याचाही अर्थ तोच! सत्तर म्हणजे 'हाल्फ्येर्स', अर्धा चौथा गुणिले वीस, आणि 'अर्धचतुर्थ'पासूनच आपलं औट, म्हणजे साडेतीन, आलं. ज्यांनी पावकी, निमकीबरोबर औटकी पाठ केली त्यांना डॅनिश सत्तर लगेच उलगडेल: औट विसा.

घड्याळातही हीच रीत चालते. डॅनिश माणूस 'हाल फिअ' म्हणाला, शब्दशः 'अर्धे चार', तर वेळ साडेतीनची असते. साडेचार समजून गेलात तर तासभर उशीर होईल. कोरियनमध्ये साडेतीन म्हणजे 'से शि पान', तीन वाजून अर्धा. पण तीस मिनिटं आकड्यात सांगायची झाली तर तासाचे तीन देशी कोरियन मोजणीतून आणि मिनिटांचे तीस चिनीतून आलेल्या मोजणीतून घ्यावे लागतात: 'से शि साम्शिप पुन'.