कोट्याला गेला आणि कोटा गेला

मे-जून उजाडला की ठाणे आणि नवी मुंबईतील घराघरांत ‘महाविद्यालय राज्यातले घ्यावे की बाहेरचे’ ही चर्चा सुरू होते, आणि तिच्यात वसतिगृह, जेवण, रेल्वेचे आरक्षण, मुलीला एकटीला लांब पाठवावे की नाही, असे सगळे विषय निघतात. ते ज्याने त्याने आपल्या घरात ठरवावेत. मला वैताग येतो तो एका वेगळ्याच गोंधळाचा. आपण महाराष्ट्राचे रहिवासी आहोत, तेव्हा प्रवेशासाठीही आपण महाराष्ट्राचेच उमेदवार ठरणार, असे बहुतेक पालक गृहीत धरतात, आणि प्रत्यक्षात या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात ते, तहसील कार्यालयातून मिळते आणि त्यासाठी महाराष्ट्रातले दीर्घ वास्तव्य दाखवावे लागते. नेरूळचा अर्ज ठाणे तालुक्यात आणि खारघरचा पनवेल तालुक्यात जातो, एवढाच काय तो स्थानिक तपशील. आपण कुठे राहतो, इतकेच हा कागद सांगतो. प्रवेशाच्या नियमांत मात्र बहुतेक ठिकाणी आपण कुठे शिकलो हे आधी विचारले जाते.

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या वसाहतीतील एक गृहस्थ मागे मुलाची कागदपत्रे दाखवायला आले होते. अधिवास प्रमाणपत्र लॅमिनेट करून फोल्डरमध्ये सर्वांत वर ठेवलेले होते, आणि बारावीची गुणपत्रिका पार तळाशी होती. मुलाचा जन्म ठाण्याचा, दहावीही ठाण्याची. अकरावीपासून मात्र तो राजस्थानातील कोट्याला क्लाससाठी राहिला, आणि बारावीची नोंद तिथल्याच एका शाळेत झाली, जिच्या वर्गात तो एकही दिवस बसला नव्हता. मी ती तळाची गुणपत्रिका वर काढून शाळेच्या पत्त्यावर बोट ठेवले, तेव्हा ते म्हणाले, “पण आम्ही तर ठाण्याचेच ना!”

ठाण्याचे ते होतेच, पण तोच पत्ता प्रवेशाच्या तीन दारांवर तीन प्रकारे वाचला जातो. एनआयटींमध्ये, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये, निम्म्या जागा गृहराज्याच्या उमेदवारांसाठी असतात, आणि गृहराज्य ठरते ते उमेदवार बारावी पहिल्यांदा जिथून उत्तीर्ण झाला त्या राज्यावरून. अधिवासाचा तिथे संबंधच येत नाही. त्यामुळे या मुलासाठी जयपूरची एनआयटी घरची झाली आणि नागपूरची परकी. एमबीबीएसचे दार याहून कडक आहे. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या कोट्यात येतात; या राज्य कोट्यासाठी महाराष्ट्रात अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. ठरावीक सरकारी आणि लष्करी सेवांतील कर्मचाऱ्यांच्या मुलांना यात सवलती आहेत, त्या माहितीपुस्तिकेत नीट वाचाव्यात. इतरांना प्रमाणपत्र लॅमिनेट करून काही मिळत नाही. अभियांत्रिकीच्या राज्य सीईटीतून (राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून) होणाऱ्या प्रवेशांत मात्र लॅमिनेट केलेला तो कागद खरोखरच कामाला येतो. दहावी-बारावी इथून झालेली असेल आणि उमेदवार इथला रहिवासी असेल किंवा इथे जन्मलेला असेल, तर तो ‘अ’ प्रकारात येतो. शिक्षण बाहेर झालेले असले, पण त्याचा स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा अधिवास महाराष्ट्रात असला, तर तो ‘ब’ प्रकारात येऊन राज्याचाच उमेदवार राहतो.

याच्या उलटही घडते. वडिलांच्या खासगी नोकरीतील बदलीमुळे दहावी बंगळूरूला आणि बारावी वाशीला झालेली मुलगी नागपूरच्या एनआयटीसाठी पूर्णपणे घरची असते, पण राज्य कोट्यातील एमबीबीएससाठी बाहेरची ठरते.

सीबीएसईची मुले ‘बाहेरची’ धरतात, हा समज तर आता कोणी पुन्हा मला ऐकवू नये. मंडळ कोणते हा प्रश्नच नाही. शाळा कोणत्या राज्यात आहे हे पाहिले जाते, आणि ठाण्यातील सीबीएसई शाळा महाराष्ट्रातच आहे.

‘राज्यातले महाविद्यालय’ या शब्दांनीही असाच घात होतो. पवईची आयआयटी ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर असली, तरी आयआयटींमध्ये गृहराज्याचा कोटा नाही. नेरूळचे डी. वाय. पाटील किंवा कामोठ्याचे एमजीएम ही अभिमत विद्यापीठे आहेत. त्यांच्या एमबीबीएसच्या जागा केंद्रीय समुपदेशनातून भरल्या जातात आणि राज्याचा ८५ टक्क्यांचा कोटा तिथे लागू नाही. खिडकीतून दिसणारे महाविद्यालय प्रवेशाच्या हिशेबात राज्याबाहेरचे असू शकते. दिल्लीतही हाच न्याय चालतो: तिथल्या राज्य सरकारच्या तंत्रज्ञान विद्यापीठांतील ८५ टक्के जागा बारावी दिल्लीतून झालेल्यांसाठी असतात, मग घर कुठेही असो.

या घोळाचे खापर थोडे ‘डोमिसाईल’ या शब्दावरही फोडायला हवे. कायद्याच्या अर्थाने भारतीय माणसाचा अधिवास एकच असतो, तो म्हणजे भारताचा, आणि राज्ये ज्याला अधिवास म्हणतात ते खरे तर वास्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्यातच म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांतील वास्तव्यावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. एमबीबीएसचा राज्य कोटा मात्र कायम आहे.

पैशाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घटकांतील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अभिमत आणि खासगी विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. ही सवलत सोडून बाहेरच्या साधारण खासगी महाविद्यालयात जाणे मला पटत नाही.

त्या गृहस्थांची धाकटी मुलगी यंदा अकरावीत गेली. तिचा प्रवेश ठाण्यातल्याच कनिष्ठ महाविद्यालयात घेतला आहे, क्लास नौपाड्यात आहे, आणि फोल्डरमध्ये आता दहावीची गुणपत्रिका सर्वांत वर असते.