गट नंबर ११२, पण कोणत्या गावचा?

ऑनलाइन सातबारा काढताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडावं लागतं. गट नंबर त्यानंतर. कारण ११२ नंबरचा गट गावोगावी असतो. वडगावही कितीतरी तालुक्यांत आहे, म्हणून संगणकात गावाला नावापेक्षा सांकेतांक बरा. गावाचा सांकेतांक आणि गट नंबर एकत्र आले की जमिनीचा नेमका एकच तुकडा हाती लागतो. जमिनींच्या टेबलात ही जोडी प्रायमरी की होते, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख. दोन रकाने मिळून बनलेली, म्हणून तिला कंपोझिट की म्हणतात.

आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती ओळी आणि रकान्यांच्या टेबलांत ठेवण्याची पद्धत, मांडलं. तोवर माहिती कुठे साठवली आहे आणि तिथवर कोणत्या वाटेने जायचं, हे प्रोग्रामलाच ठाऊक असावं लागे. कॉड यांनी ओळींचा क्रम गौण ठरवला आणि ओळीची ओळख तिच्यातल्याच मूल्यांवर सोपवली. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. त्या मूल्यांची पुनरुक्ती चालत नाही, ती कोरी राहून चालत नाहीत, आणि त्यांत अनावश्यक रकाना नसावा. मालकाचं नाव कीमध्ये घातलं, तर जमीन विकताच की बदलेल.

खरी अडचण वाटणीच्या वेळी येते. भावाभावांत जमीन वाटली गेली की ११२चे ११२/१ आणि ११२/२ होतात. पिकांच्या आणि बोज्याच्या टेबलांत मात्र ‘११२’ लिहिलेलं असतं. दुसऱ्या टेबलात उतरलेल्या अशा कीला फॉरेन की म्हणतात. मग जुना बोजा कोणत्या भावाच्या तुकड्यावर धरायचा? हे कायद्याने ठरेल, संगणकाने नाही. पण जुनी ओळख जपली नसेल तर प्रश्न विचारायलाही जागा उरत नाही.

म्हणून पुष्कळ जण काहीच अर्थ नसलेला क्रमांक देतात, त्याला सरोगेट की म्हणतात. आधारचा १२ अंकी क्रमांक मुद्दाम असाच ठेवला आहे: त्यावरून वय, जात, गाव काहीही कळत नाही. माझाही कल याच पद्धतीकडे आहे. मात्र तेवढ्यावर थांबलात, तर एकच शेत ५०१ आणि ९०७ अशा दोन क्रमांकांनी नोंदलं जाईल आणि डेटाबेस हूं की चूं करणार नाही. गाव आणि गट नंबरच्या जोडीवर युनिकचं बंधन, म्हणजे तीच जोडी दोनदा येऊ न देण्याचा नियम, तेव्हाही घालावंच लागतं.