चार्जिंग व्होल्टेजचे दोषनिदान (मोटारगाडी)

एंजिन चालू असताना बॅटरीला योग्य व्होल्टेज मिळते का, आणि मिळत नसेल तर बिघाड आल्टरनेटरमध्ये (एंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र), रेग्युलेटरमध्ये (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) की तारांमध्ये, हे शोधण्याची पद्धत. गॅरेजात आल्टरनेटरला अजूनही ‘डायनामो’च म्हणतात. खरा डायनामो, म्हणजे जुना डीसी जनरेटर, १९६० नंतर हळूहळू मोटारींतून गेला, नाव तेवढे मागे राहिले.

शिसे-आम्ल बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.० म्हणजे ती जवळजवळ रिकामी. एंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट अपेक्षित असतात. मीटर १२.३ वरच राहून हळूहळू उतरू लागला, तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेल्यास बहुधा रेग्युलेटर बिघडलेला असतो: बॅटरीचे पाणी आटते, कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, बल्ब वरचेवर उडतात.

तपासाची सुरुवात बॅटरीपासून करावी. बॅटरीच डाऊन असेल तर पुढचे आकडे फसवतात. मग आल्टरनेटर फिरवणारा बेल्ट पाहावा, कारण सैल बेल्ट दिवे लावताच किंचाळतो. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा लागला पाहिजे. जुन्या रचनेत रोटरला (आल्टरनेटरच्या फिरत्या भागाला) सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो. त्यामुळे न लागणारा दिवा ही चांगली खूण नव्हे. बल्ब उडालेला असेल किंवा रोटरला प्रवाह पोचवणारे कार्बन (ब्रश) झिजलेले असतील.

सर्वाधिक चकवा देतो तो तारांमधला दोष. आल्टरनेटरच्या टोकाला १४.२ आणि बॅटरीवर १३.४ व्होल्ट असतील, तर ०.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ४० अँपिअर वाहत असताना याचा अर्थ फक्त ०.०२ ओहम रोध. साध्या मीटरच्या ओहम खुणेवर तो दिसतच नाही, आणि ‘तार चांगली आहे’ असा निवाडा होऊन धडधाकट आल्टरनेटर बदलला जातो. म्हणून मोजणी प्रवाह वाहत असतानाच करावी: हेडलाइट व पंखा चालू ठेवून मीटरची एक पिन आल्टरनेटरच्या मुख्य टोकाला, दुसरी बॅटरीच्या धन टोकाला. फरक अर्ध्या व्होल्टच्या बराच आत हवा. अर्थिंगच्या बाजूने, म्हणजे आल्टरनेटरची बॉडी ते ऋण टोक, तो ०.२ च्या आत असावा. गंजलेली अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करणे हा पुष्कळदा सगळा उपचार ठरतो.

डायोड (आल्टरनेटरमधला एसी, म्हणजे उलटसुलट प्रवाह, डीसी करणारा भाग) गेला तर मीटर एसी व्होल्टवर लावल्यावर बॅटरीच्या टोकांवर अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसते. असा डायोड रात्रभर बॅटरीही पितो. सकाळी थंड एंजिनावर आल्टरनेटर कोमट लागला तर संशय पक्का.

एंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून ‘डायनामो’ची परीक्षा घेण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यावी. त्या क्षणी उसळणारे व्होल्टेज ईसीयू (एंजिनाचा संगणक) निकामी करू शकते.

अलीकडच्या अनेक गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो. इंधन वाचवण्यासाठी भरल्या बॅटरीला तो १२.८ व्होल्टवरही ठेवतो आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर चार्जिंग वाढवतो. अशा गाडीत एका आकड्यावरून दोष ठरवता येत नाही. दिवे लावून, वेग बदलून व्होल्टेज हलते का ते पाहावे लागते.